घरबसल्या डॉक्टरेट? अमेरिकेतील फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर होण्याची खरी वाट

आपल्या समाजात नर्सिंगला गेलेली मुलगी शोधायला लांब जावे लागत नाही. कुणी उपकेंद्रात एएनएम आहे, कुणी जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स, कुणी खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत रात्रपाळी करते. काहीजणी आखाती देशांत, आयर्लंड-इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेतही पोहोचल्या आहेत. बहुतेकींच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली ती पहिलीच मुलगी होती. म्हणूनच ‘नोकरी करता करता, घरी बसून ऑनलाइन डॉक्टरेट करा आणि फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हा’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली की तिच्यावर बोट थांबते. नावापुढे डॉक्टरेट, हातात प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा अधिकार आणि रात्रपाळीतून सुटका! हे खरे असते का? इथून करता येते का? कर्ज काढण्याइतके ते मोलाचे आहे का?

ही पदवी खरी आहे. पण जाहिरातीत ‘ऑनलाइन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो आणि बाकीच्या अटी बारीक अक्षरांत. त्या बारीक अक्षरांकडे आधी पाहू.

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे कोण?

१९६५ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून एक अभ्यासक्रम सुरू केला. गावाखेड्यांत आणि गरीब वस्त्यांत मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. अनुभवी परिचारिकेला तपासणीचे आणि निदानाचे जादा शिक्षण दिले, तर ती मुलांची नेहमीची काळजी स्वतः घेऊ शकेल, असा त्यांचा विचार होता. त्यातून ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे पद जन्माला आले. सुरुवातीला डॉक्टरांच्या संघटनांतून आणि परिचारिकांमधूनही विरोध झाला. आज अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर आहेत. लोरेटा फोर्ड यांचे २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी निधन झाले.

नर्स प्रॅक्टिशनरचे प्रकार आहेत आणि ते रुग्णांच्या गटावरून ठरतात: बालके, नवजात अर्भके, प्रौढ व वृद्ध, स्त्री-आरोग्य, मानसिक आरोग्य आणि कुटुंब. ‘फॅमिली’ म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळे. ही परिचारिका बहुतांशी दवाखान्यात बसते. रुग्णाची हकिकत ऐकते, तपासते, रक्त-लघवीच्या चाचण्या सांगते, निदान करते, औषध लिहिते आणि गरज पडली की तज्ज्ञाकडे पाठवते. मधुमेह, रक्तदाब, दमा, लसीकरण, पाळीच्या तक्रारी, सर्दी-खोकला, अंगावर पुरळ हे तिचे रोजचे काम असते. ती शस्त्रक्रिया करत नाही.

इथे एक गोष्ट आयसीयूत काम केलेल्या भगिनींनी नीट ध्यानात घ्यावी. फॅमिलीचे शिक्षण हे प्राथमिक उपचाराचे शिक्षण आहे. तुमचा जीव व्हेंटिलेटर आणि मॉनिटरच्या कामात रमत असेल आणि पुढेही रुग्णालयातच गंभीर रुग्णांवर काम करायचे असेल, तर त्यासाठी ‘अक्यूट केअर’ हा वेगळा अभ्यासक्रम आहे. नोकऱ्या जास्त म्हणून फॅमिली निवडायचे आणि मग आयसीयूतल्या जागेसाठी अर्ज करायचा, यात पुढे अडचण येते. कारण परवाना आणि प्रमाणपत्र ज्या गटाचे, काम त्याच गटाचे, हा नियम दिवसेंदिवस कडक होत आहे.

डॉक्टरेट लागतेच का?

अमेरिकेत या कामासाठीची डॉक्टरेट म्हणजे ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, थोडक्यात डीएनपी. ही पीएच.डी. नाही. पीएच.डी.त नवे संशोधन करायचे असते. डीएनपी ही प्रत्यक्ष कामाची डॉक्टरेट आहे. तिच्यात प्रबंधाऐवजी एक प्रकल्प असतो. उदाहरणार्थ, एखाद्या दवाखान्यातल्या मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी वेळच्या वेळी होत नाही. ती का होत नाही हे शोधायचे, कामाची पद्धत बदलायची, काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे आणि फरक दाखवायचा. असा तो प्रकल्प असतो.

२००४ मध्ये अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने ठराव केला, की २०१५ पर्यंत नर्स प्रॅक्टिशनरसारख्या पदांचे शिक्षण मास्टर्सवरून डॉक्टरेटवर न्यावे. २०१५ उलटून गेले, तरी कायद्याने ते सक्तीचे झालेले नाही. मास्टर्स करून, राष्ट्रीय परीक्षा देऊन आजही फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर होता येते. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत मात्र नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेट बंधनकारक झाली आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून ‘आता मास्टर्स बंद झाले’ असे सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विसंबू नका.

मग डीएनपी का करावी? पुढे शिकवायचे असेल, विभागाची जबाबदारी घ्यायची असेल, धोरणाच्या कामात जायचे असेल, किंवा एकदाच काय ते शिकून मोकळे व्हायचे असेल, तर ती उपयोगी आहे. पण दवाखान्यात रुग्ण तपासण्याच्या नोकरीत मास्टर्स आणि डीएनपी यांच्या पगारात पुष्कळ ठिकाणी फारसा फरक नसतो. पगार हेच मुख्य कारण असेल, तर आधी मास्टर्स करून कामाला लागणे आणि डीएनपी नंतर करणे ही वाटही तितकीच सन्मानाची आहे. मास्टर्सनंतरची डीएनपी साधारण दीड-दोन वर्षांत होते. बीएस्सी नर्सिंगनंतर थेट डीएनपी करायला पूर्ण वेळ दिला तर तीन-चार वर्षे लागतात, नोकरी सांभाळून त्याहून जास्त.

ऑनलाइन म्हणजे किती ऑनलाइन?

दूरस्थ पद्धतीने परिचारिकांना शिकवणे ही अमेरिकेत नवी गोष्ट नाही. केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात १९२५ साली मेरी ब्रेकिनरिज यांनी घोड्यावरून घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची सेवा सुरू केली. त्यातून उभी राहिलेली फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी आज दूरस्थ शिक्षणासाठीच ओळखली जाते. अनेक सरकारी विद्यापीठेही डीएनपीचे वर्ग ऑनलाइन घेतात. तेव्हा ‘ऑनलाइन’ म्हणजे बोगस असे समजायचे कारण नाही.

पण ऑनलाइन असतात ते फक्त तासिका, वाचन, चर्चा आणि काही परीक्षा. शरीरशास्त्र व विकृतिशास्त्र, रुग्णतपासणी आणि औषधशास्त्र हे तीन प्रगत विषय या शिक्षणाचा पाया आहेत. त्यांतली रुग्णतपासणी हाताने शिकावी लागते. त्यासाठी बऱ्याच संस्था काही दिवस कॅम्पसवर बोलावतात. जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च आपला.

खरा भार प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या तासांचा असतो. बीएस्सीनंतरच्या डीएनपीसाठी किमान १,००० तासांचे प्रात्यक्षिक लागते. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणासाठी २०२२ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय निकषांनुसार रुग्णांना प्रत्यक्ष तपासण्याचे किमान ७५० तास हवेत. पूर्वी ही मर्यादा ५०० होती. हे तास संगणकासमोर बसून भरत नाहीत. एखाद्या दवाखान्यात, अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टरच्या हाताखाली, दिवसा हजर राहून ते पूर्ण करायचे असतात. या मार्गदर्शकाला तिकडे ‘प्रीसेप्टर’ म्हणतात.

ऑनलाइन शिकणाऱ्यांची गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते. अनेक संस्था प्रीसेप्टर शोधण्याचे काम विद्यार्थिनीवर टाकतात. तिने दवाखान्यांना फोन करायचे, पत्रे लिहायची, नकार ऐकायचे. ज्यांचे आईवडील डॉक्टर आहेत, ज्यांचे शेजारी-नातेवाईक दवाखाने चालवतात, त्यांना एका फोनवर जागा मिळते. परक्या देशात आलेल्या, ओळखीपाळखी नसलेल्या आपल्या मुलीला महिनोन्‌महिने फिरावे लागते. पैसे घेऊन प्रीसेप्टर मिळवून देणारे मध्यस्थही तयार झाले आहेत. जागा मिळाली नाही तर सत्र पुढे ढकलले जाते आणि तेवढी पदवी लांबते. म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न फीचा नाही. तो हा: ‘प्रीसेप्टर तुम्ही देता की मी शोधायचा? मिळाला नाही तर काय?’ याचे उत्तर लेखी घ्यावे.

नागपुरात बसून करता येईल का?

नाही. हे उत्तर स्पष्ट दिलेले बरे. अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमाला तिथला चालू आरएन परवाना लागतो आणि प्रात्यक्षिकाचे तास ज्या राज्यात करायचे त्या राज्याची मान्यता लागते. शिवाय पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ शिक्षणात एका सत्रात साधारण एकच ऑनलाइन विषय धरता येतो. तेव्हा ‘इथून फी भरा, घरी बसून शिका आणि पदवी घेऊन अमेरिकेला जा’ असे कुणी सांगत असेल, तर त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका.

इथून निघणाऱ्या मुलीची वाट आधी आरएन होण्याची आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, महाविद्यालयाच्या गुणपत्रिका आणि तासांचा तपशील यांची अमेरिकेसाठी पडताळणी होते. मग एनसीएलएक्स-आरएन ही परीक्षा द्यायची, जिचे केंद्र मुंबईतही आहे. सोबत इंग्रजीची परीक्षा असते. त्यानंतर नोकरी देणारे रुग्णालय आणि स्थलांतराचा व्हिसा. भारतात जन्मलेल्यांसाठी या व्हिसाची रांग फार लांब आहे. म्हणूनच अनेकजणी आधी दुसऱ्या देशात काम करत ती वाट पाहतात. जुन्या गुणपत्रिका, इंटर्नशिपच्या नोंदी, नावातले बदल, लग्नानंतरचे नाव हे सगळे आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा. आधारवर एक नाव, नोंदणीवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, एवढ्यावरूनही महिने वाया जातात.

जीएनएम झालेल्या भगिनींनी खट्टू होऊ नये. आरएन परवाना मिळाल्यावर अमेरिकेत ‘आरएन ते बीएसएन’ असा पुरवणी अभ्यासक्रम करता येतो. तो बहुधा ऑनलाइन असतो आणि त्यात प्रात्यक्षिकाचा भार कमी असतो. इथेच पोस्ट बेसिक बीएस्सी झाली असेल, तर त्या पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे. पायऱ्या जास्त आहेत, पण कुठलीही पायरी बंद नाही.

शिष्यवृत्तीचे काय? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही आहे. या दोन्ही योजना परदेशी जाऊन पूर्णवेळ शिकण्यासाठी आहेत. ऑनलाइन पदवीचा हिशेब त्यांच्या भरवशावर मांडू नका. ज्या मुलींचे वय आणि गुण बसतात, त्यांनी परदेशी विद्यापीठात प्रत्यक्ष राहून सार्वजनिक आरोग्य किंवा नर्सिंगमधील पूर्णवेळ मास्टर्सचा विचार त्या शिष्यवृत्तीवर अवश्य करावा. त्या वर्षीच्या जाहिरातीतील अटी मात्र शब्दन्‌शब्द वाचाव्यात.

पैशाचा हिशेब

अमेरिकेत फी ‘क्रेडिट’वर आकारतात. बीएस्सीनंतरच्या डीएनपीला साधारण ७० ते ९० क्रेडिट्स असतात. ७५ क्रेडिट्स धरू. दर ६०० डॉलर असेल तर ४५ हजार डॉलर. दर १,२०० असेल तर ९० हजार डॉलर. शिक्षण तेच, परीक्षा तीच, परवाना तोच. कर्ज मात्र दुप्पट. म्हणून आपल्या राज्यातील सरकारी विद्यापीठाचा दर आधी पाहावा. जाहिरात जितकी झगमगीत, तितका तिचा खर्च शेवटी विद्यार्थ्याच्या फीतूनच निघतो.

दुसरी बाजू पगाराची. अमेरिकी सरकारच्या मे २०२३ च्या आकडेवारीनुसार नोंदणीकृत परिचारिकेचा मध्यम वार्षिक पगार ८६,०७० डॉलर आणि नर्स प्रॅक्टिशनरचा १,२६,२६० डॉलर होता. फरक सुमारे ४० हजारांचा. पण हा फरक सगळीकडे सारखा नाही. कॅलिफोर्नियात जुनी आरएन रात्रपाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम धरून नव्या नर्स प्रॅक्टिशनरपेक्षा जास्त घरी नेते, असेही घडते. आपल्या शहरातले आकडे काढा, देशाचे नकोत.

कर्जाचे नियम बदलले आहेत. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लागेल तेवढी रक्कम देणारे ‘ग्रॅड प्लस’ हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केले आणि उरलेल्या सरकारी कर्जांना मर्यादा घातली. मर्यादेपलीकडची रक्कम खासगी बँकेकडून, जास्त व्याजाने घ्यावी लागते. शिवाय सरकारी विद्यार्थी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना नाही.

कर्जाआधी आपल्या रुग्णालयाच्या कार्यालयात चौकशी करावी. अनेक रुग्णालये कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाला दरवर्षी मदत देतात आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त धरली जात आली आहे. त्याबदल्यात किती वर्षे तिथेच काम करावे लागेल, हेही विचारावे. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात सेवा केल्यास कर्जाचा भाग फेडून देणारी ‘नर्स कोअर’ ही सरकारी योजना आहे. ती नागरिकांबरोबर ग्रीन कार्डधारकांनाही खुली आहे.

आपल्या मुलींच्या बाबतीत आणखी एक रकाना हिशेबात धरावा लागतो, जो कुठल्याही विद्यापीठाच्या तक्त्यात नसतो. गावी दर महिन्याला जाणारे पैसे. धाकट्या भावाची फी, आईची औषधे, घराच्या स्लॅबचा हप्ता. शिकायच्या काळात पाळ्या कमी कराव्या लागल्या, तर हा रकाना आधी कापला जातो. म्हणून घरच्यांशी आधीच मोकळेपणी बोलावे: तीन वर्षे पैसे कमी येतील, का कमी येतील आणि नंतर काय होईल. इकडच्या घरानेही हे समजून घ्यावे. ‘तिकडे डॉलरमध्ये कमावते, तिला काय कमी’ हे वाक्य त्या मुलीच्या अभ्यासाच्या आड येते.

शिकणाऱ्या परिचारिकेची तब्येत

हे आरोग्याचे पान आहे, तेव्हा शिकणाऱ्या भगिनीच्या प्रकृतीविषयीही बोलायला हवे. आठवड्याचे १६८ तास असतात. बारा-बारा तासांच्या तीन रात्रपाळ्या म्हणजे ३६ तास. दवाखान्यातले दोन दिवस म्हणजे १६ तास. अभ्यासाला १८ तास धरू. झाले ७०. रोज सात तास झोप धरली तर ४९. उरले ४९ तास. त्यात स्वयंपाक, मुले, प्रवास, आंघोळ, फोन आणि आजारपण. कागदावर जमते. पण रात्रपाळी संपते सकाळी सात वाजता आणि दवाखाना उघडतो आठ वाजता. तिथे हा हिशेब कोसळतो. आठवड्याला १६ तासांप्रमाणे ७५० तास भरायला ४७ आठवडे लागतात, म्हणजे जवळपास वर्षभर असे जगायचे.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री पाळी घेऊ नये, पगार कमी झाला तरी चालेल. रात्रपाळीनंतर झोप अनावर होत असेल तर गाडी चालवू नये; थोडी झोप काढून मग निघावे किंवा कुणाला तरी बोलवावे. झोपेचा दिवस ठरवावा आणि घरातल्यांनी तो मोडू नये. रात्री जागून चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या बाईचे वजन, साखर आणि रक्तदाब वाढतो. दुसऱ्याची साखर मोजणाऱ्या सिस्टरने स्वतःची वर्षातून एकदा तरी मोजावी. शक्य असेल तर शेवटच्या वर्षी अर्धवेळ काम पत्करावे आणि त्यासाठीचे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला टाकावेत.

नवऱ्याने आणि सासरच्यांनी ‘तुझे शिक्षण तू बघ’ म्हणून मोकळे होऊ नये. त्या वर्षात स्वयंपाक आणि मुलांची शाळा ही तिच्या एकटीची कामे नाहीत.

परवाना, राज्य आणि ‘डॉक्टर’ हा शब्द

पदवी मिळाली म्हणजे काम संपत नाही. फॅमिलीसाठी राष्ट्रीय प्रमाणपत्र देणाऱ्या दोन संस्था आहेत. त्यांतील एकीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. मग राज्याचा परवाना. अर्ध्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे तपासू आणि औषध लिहू शकते. वॉशिंग्टन, ऑरेगन, ॲरिझोना ही त्यांतली काही राज्ये. टेक्साससारख्या राज्यात औषध लिहिण्यासाठी डॉक्टरसोबत लेखी करार लागतो. कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने मोकळीक दिली. साध्या आरएनचा परवाना अनेक राज्यांत एकत्र चालतो, पण नर्स प्रॅक्टिशनरचा तसा चालत नाही. राज्य बदलले की परवाना नवा. नवऱ्याची नोकरी दर दोन वर्षांनी राज्य बदलणारी असेल, तर हेही ध्यानात घ्यावे.

डीएनपी झाल्यावर ‘डॉक्टर’ म्हणवून घेता येते का? शैक्षणिक ठिकाणी येते. रुग्णासमोर मात्र काही राज्यांचे कायदे कडक आहेत. कॅलिफोर्नियात एका डीएनपी झालेल्या परिचारिकेने स्वतःच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लावून जाहिरात केली, तेव्हा २०२२ मध्ये तिला दंड भरावा लागला. रुग्णाला आपण परिचारिका आहोत हे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा काही नाही. रुग्ण फसला जाऊ नये हा नियम परिचारिकेच्याही हिताचा आहे.

कॉलेज निवडताना

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मोठी कारवाई झाली. फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बनावट पदविका-पदव्या विकल्याचे उघड झाले. त्या घेऊन परीक्षेला बसलेल्या अनेकांचे परवाने अडचणीत आले. यावरून धडा घ्यावा आणि पैसे भरण्याआधी या गोष्टी तपासाव्यात:

– नर्सिंग अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन यांसारख्या संस्थेची मान्यता आहे का? विद्यापीठाची मान्यता वेगळी आणि नर्सिंगची वेगळी असते. दोन्ही हव्यात. कॉलेजच्या सांगण्यावर न जाता मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव पाहावे.

– तुम्ही राहता त्या राज्यातील विद्यार्थी ते घेतात का? ऑनलाइन असले तरी सगळ्या राज्यांत परवानगी नसते.

– प्रवेश घेतलेल्यांपैकी किती वेळेत उत्तीर्ण होतात? पहिल्याच प्रयत्नात प्रमाणपत्र परीक्षा किती पास होतात?

– क्रेडिटच्या दराशिवाय तंत्रज्ञान, प्रात्यक्षिक, विमा, कॅम्पसवरचे दिवस यांचे किती पैसे?

– आजारपण, बाळंतपण किंवा घरी दुःखद प्रसंग आला, तर मधे सुटी घेता येते का?

– त्याच कॉलेजात शिकणाऱ्या दोन विद्यार्थिनींचा फोन मिळेल का? चांगले कॉलेज नाही म्हणत नाही.

तिथे गेलेल्यांची आणि इथे राहणाऱ्यांची गरज

अमेरिकेतील आपल्या माणसांना अशा परिचारिकांची गरज का आहे, याचे एक साधे उदाहरण. पांढरपेशा असो की कष्टकरी, दक्षिण आशियाई माणसाला कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणून अमेरिकेतील मधुमेह संघटना आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी वजन-उंचीचा निर्देशांक २३ झाला की करा असे सांगते. इतरांसाठी ही मर्यादा २५ आहे. मुलाकडे राहायला आलेली आजी शरीराने बारीक असते, तेव्हा तिला साखर असेल असे कुणाच्या मनात येत नाही. ती भारतातून आणलेल्या गोळ्या खाते, संपल्या की पाहुण्याबरोबर मागवते आणि नाव विचारले तर ‘ती पांढरी, छोटी’ म्हणते. तिच्या ताटातला भात, लोणचे आणि पापड किती, हे विचारायचे कसे, हे आपली नर्स जाणते. आजीही तिच्यापाशी लपवत नाही.

इथेच राहणाऱ्या भगिनींसाठीही दारे उघडत आहेत. भारतीय नर्सिंग कौन्सिलने गंभीर रुग्णांच्या सेवेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केलेला आहे. तो रुग्णालयात राहून, काम करत शिकायचा आहे. गावपातळीवर आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुली काम करतात. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांबरोबर त्याही या पदावर आहेत. रक्तदाब, साखर मोजणे, ठरलेली औषधे देणे, गरोदर बाईची देखरेख, दूरध्वनीवरून डॉक्टरचा सल्ला घेणे असे ते काम आहे. अधिकार अमेरिकेइतके नाहीत आणि नोकरी बहुधा कंत्राटी आहे, ही खंत रास्त आहे. पण १९६५ साली कोलोरॅडोत जो विचार पुढे आला, त्याच्या जवळचेच हे काम आहे.

ज्या भगिनी अमेरिकेत आरएन आहेत आणि डीएनपीचा विचार करत आहेत, त्यांनी घाईने फॉर्म भरण्याआधी एक काम करावे. आपल्या भागातल्या एखाद्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरला विचारून, परवानगीने, तिच्या दवाखान्यात एक दिवस बसावे. एकामागून एक येणारे वीसेक रुग्ण, प्रत्येकाला मोजकी मिनिटे, संध्याकाळी उरलेल्या नोंदी, हे सगळे डोळ्यांनी पाहावे. हे काम आवडले तर वर सांगितलेले प्रश्न घेऊन कॉलेजांना फोन करावा. ज्यांनी ही वाट आधीच पार केली आहे, त्यांनी मागून येणाऱ्या एकीला तरी आपल्या हाताखाली प्रात्यक्षिकाची जागा द्यावी. परक्या देशात ओळख नसणे हीच आपल्या मुलींची मोठी अडचण आहे आणि ती दूर करणे आपल्याच हातात आहे.